ऑनलाइन खरेदीत खरंच किती पैसे वाचतात? पाडवा ते पाडवा, माझी वही

वहीवाली_कळंबा | २६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

आमचे सासरे अजूनही दिवाळी पाडव्याला नवीन वह्या पूजतात. गेल्या पाडव्याला त्यातली एक दोनशे पानी वही मी मागून घेतली आणि ठरवलं, वर्षभर ऑनलाइन जे काही घरात येईल ते यात लिहायचं. परवाच्या पाडव्याला वर्ष पूर्ण झालं. दोन रात्री बसून बेरजा केल्या आणि आता हा धागा काढते आहे. मला यावर खरंच चार लोकांशी बोलायचं आहे.

वहीत रकाने असे: वस्तू, छापील किंमत, साइटवरची किंमत, शेवटी खात्यातून गेलेली रक्कम, कोल्हापुरात दुकानात विचारलेली किंमत, आणि शेवटचा रकाना म्हणजे "वापरली का?"

एकूण ७१ ऑर्डरी. दर वेळी पैसे भरल्यावर हिरव्या अक्षरांत "तुम्ही इतके वाचवले" असं येतं ना, त्या आकड्यांची बेरीज २३,८४० रुपये झाली. हा आकडा बघून मी पहिल्यांदा खूशच झाले. मग दुकानातल्या किमतीचा रकाना घेतला. ७१ पैकी ४८ वस्तूंचा भाव मी महाद्वार रोड, राजारामपुरी किंवा लक्ष्मीपुरीत विचारून ठेवला होता. त्या भावाशी ताडून पाहिलं तर खरी बचत निघाली ४,३१० रुपये. आणि "वापरली का?" या रकान्यात चौदा ठिकाणी "नाही" आहे. त्या चौदा वस्तूंचे झाले ६,२७५. म्हणजे वर्षअखेर १,९६५ रुपये अंगावर.

एक उदाहरण सविस्तर सांगते, म्हणजे हे कसं होतं ते कळेल. पाच लिटरचा कुकर. छापील किंमत २,९५०, साइटवर २,०६५, "३० टक्के सूट". वर ९ रुपये प्लॅटफॉर्म फी. एकूण २,०७४. तोच कुकर, तीच कंपनी, महाद्वार रोडच्या भांड्यांच्या दुकानात २,१०० ला होता. म्हणजे वाचले २६ रुपये. स्क्रीनवर मात्र ८८५ वाचल्याचं दिसत होतं! छापील किमतीला कोल्हापुरात कुकर कोण विकतं? कोणीच नाही. मग सूट मोजायची ती छापील किमतीपासून कशासाठी?

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. त्या चौदा न वापरलेल्या वस्तूंपैकी नऊ एकाच कारणाने घरात आल्या आहेत. मला हवी असलेली वस्तू ३४० ची, ४९९ च्या वर डिलिव्हरी फुकट, नाहीतर ४० रुपये. ते ४० वाचवायला मी १६० ते २०० ची काहीतरी वस्तू टाकायची. कपड्यांच्या चिमट्यांचा डबा, फ्रिजमध्ये ठेवायची जाळी, बाटली घासायचा लांब ब्रश. ते चिमट्यांचे तीन डबे माळ्यावर आहेत, आजच काढून मोजले.

खरी बचत कुठे झाली तेही लिहिते. जुन्या मिक्सरचं चटणीचं भांडं, जे इथे कुठेच मिळत नव्हतं (नवीन मिक्सर घ्या म्हणाले). पाण्याच्या फिल्टरच्या कँडल. मुलाची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. या तीन ओळींतच ४,३१० मधले तीन हजारांच्या वर आहेत.

तुम्ही काय बघता, काय टाळता, ते लिहा. आकडे असतील तर आकड्यांसकट.

---

उद्यमनगरकर | २६ ऑक्टोबर, रात्री १०:१५

ताई, वही जबरदस्त. आमच्या मशीन शॉपमध्ये असा हिशोब ठेवतो, घरी कधी ठेवला नाही.

धंदेवाल्यांसाठी एक मुद्दा. ज्यांचं जीएसटी रजिस्ट्रेशन आहे त्यांनी ऑर्डर देतानाच जीएसटी नंबर टाकून बिझनेस बिल घ्यावं. मागच्या महिन्यात एक हँड ड्रिल घेतलं, ४,७२० रुपये. त्यात ४,००० माल आणि १८ टक्क्यांनी ७२० कर. शॉपच्या नावाने बिल असल्यामुळे ते ७२० क्रेडिटमध्ये मिळतात, म्हणजे आम्हाला भरायच्या करातून वजा होतात. कुठल्याही कूपनपेक्षा ही सूट मोठी आहे आणि बारा महिने आहे. फक्त दोन गोष्टी: विकणाऱ्याने ते बिल भरलंय का ते २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदी बिलांच्या पत्रकात) तपासायचं, आणि घरचा टीव्ही शॉपच्या नावावर घ्यायचा नाही. क्रेडिट धंद्याच्या वस्तूंनाच आहे.

आणि बेअरिंग ऑनलाइन घेऊ नका. कितीही स्वस्त दिसू दे. खोका हुबेहूब असतो, आतला माल नसतो. चारशे रुपये वाचवून स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरता दांडा, जाम झालं तर मशीन तीन दिवस बंद. मी अधिकृत डीलर सोडून बेअरिंग घेत नाही.

---

बँकेत_तीस_वर्षं | २६ ऑक्टोबर, रात्री ११:०५

मी निवृत्त बँक कर्मचारी, हल्ली ताराबाई पार्कात असतो. "नो कॉस्ट ईएमआय" बद्दल लिहितो. सणात सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात आणि त्यांना ते कळतही नाही.

बँक बिनव्याजी कर्ज देत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असा प्रकार अस्तित्वातच नसतो. मग "नो कॉस्ट" म्हणजे काय? व्याज लागतंच, फक्त तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी आधीच सूट म्हणून वजा करते.

हिशोब बघा. २४,००० चा मोबाइल, सहा हप्ते, प्रत्येकी ४,०००. बँकेचा व्याजदर वार्षिक १६ टक्के धरू. तर तुमच्या नावावर कर्ज पडतं साधारण २२,९१९ रुपयांचं आणि उरलेले १,०८१ हे व्याज. इथपर्यंत तुमचं नुकसान नाही, वस्तू २४,००० लाच पडली. पण त्या १,०८१ व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १९५ रुपये. तो हप्त्याहप्त्याने कार्डाच्या बिलात येतो. वर प्रोसेसिंग फी १९९ असेल तर जीएसटीसह ती २३५. झाले ४३० रुपये जादा. आणि एकरकमी भरणाऱ्याला त्याच वस्तूवर वेगळी सूट असेल तर ती तुम्हाला मिळाली नाही, ते आणखी वेगळं.

४३० रुपये देऊन सहा महिने सवलत मिळाली, ज्याला गरज आहे त्याने जरूर घ्यावी. माझी हरकत "फुकट" या शब्दाला आहे. हातात रोख असताना केवळ फुकट वाटतं म्हणून हप्ते घेऊ नयेत. एक हप्ता चुकला की विलंब शुल्क आणि कार्डाचं व्याज सुरू होतं, आणि ते वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं.

कार्डावरच्या "१० टक्के तात्काळ सवलत" खाली बारीक अक्षरांत कमाल मर्यादा असते. ती आधी वाचा. ३०,००० च्या वस्तूवर १० टक्के म्हणजे ३,००० असं मनात धरून लोक पुढे जातात आणि मर्यादा असते १,५०० ची.

---

वहीवाली_कळंबा | २६ ऑक्टोबर, रात्री ११:२०

काका, तो व्याजावरचा जीएसटी मी कार्डाच्या बिलात बघितला होता. दर महिन्याला तीस-चाळीस रुपये. कशाचे म्हणून कधी विचारलं नाही. आज उलगडलं. आमचा फ्रिज असाच घेतलाय.

---

आजरेकरीण | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

ताई, तुमची वही वाचली आणि पटलीही. पण तुमचा "दुकानातला भाव" हा रकाना शहरातल्या माणसाचा आहे, हे स्पष्ट सांगते.

मी आजऱ्याच्या पुढे एका गावात राहते. महाद्वार रोडला तो कुकर २,१०० ला आहे हे खरं. पण मला तिथे जायचं म्हणजे गाव ते आजरा, आजरा ते कोल्हापूर, आणि तसंच परत. एसटीत बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, ते मोठं सोयीचं झालं. तरी जाऊन-येऊन, चहा-नाष्टा, सीबीएस बसस्थानकापासून रिक्षा धरून तीनशेच्या आत भागत नाही. आणि दिवस जातो तो वेगळाच. मी शिवणकाम करते, एका दिवसात दोन ब्लाउज होतात. त्यामुळे माझ्या हिशोबात तोच कुकर ऑनलाइन घेतला तर २६ नाही, पाच-सहाशे वाचतात.

आमची अडचण दुसरीच आहे. वस्तू बदलायची म्हटलं की "तुमच्या पिनकोडवर परतीची सोय नाही" असं येतं. ऑर्डर देताना ते दिसत नाही, परत करताना दिसतं. म्हणून मी आता वस्तूच्या पानावर पिनकोड टाकून आधी "परत" आणि "बदली" यातलं काय आहे ते बघते. दोन्ही शब्द वेगळे आहेत. बदली म्हणजे तीच वस्तू दुसरी देणार, पैसे परत नाहीत. धाग्यांची रिळं, सुया, फॉल, अस्तर असलं मी बिनधास्त मागवते. कापड कधीच नाही. हातात घेतल्याशिवाय कापड कळत नाही.

---

वहीवाली_कळंबा | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं ताई. प्रवासाचा रकाना राहिलाच. आमच्या घरून महाद्वार रोड केएमटी बसने पंधरा-वीस मिनिटांवर, म्हणून तो खर्च मी धरलाच नाही.

---

पार्सल_पोहोच | २७ ऑक्टोबर, रात्री १०:३०

मी डिलिव्हरी करतो. फुलेवाडी, रंकाळा, कळंबा हा माझा पट्टा. दिवाळीच्या आठवड्यात गाडीवर दोन पोती बांधून निघायचो. दारादारात जे बघतो ते लिहितो, कुणाचे तरी पैसे वाचतील.

एक. न मागवलेलं पार्सल. "कॅश ऑन डिलिव्हरी, ५९९ द्या." घरात आजी असतात, त्यांना वाटतं नातवानं मागवलं असणार. त्या पैसे देतात. आत रुमाल नाहीतर खोटं घड्याळ. आम्हाला आत काय आहे ते माहीत नसतं, आम्ही फक्त पोचवतो. घरातल्यांनी एवढंच ठरवून ठेवावं: ज्यानं मागवलं त्यानं सकाळी घरी सांगून जायचं, "आज अमुक येणार, इतके द्यायचे." सांगितलेलं नसेल तर "नको, परत न्या" म्हणायचं. आम्हाला राग येत नाही. आम्ही तसा शेरा मारून परत देतो.

दोन. उघडून देण्याची सोय असेल, म्हणजे ओपन बॉक्स, तर खोका उघडल्याशिवाय ओटीपी सांगू नका. बरेच लोक दार उघडलं की ओटीपी सांगून मोकळे होतात. ओटीपी दिला म्हणजे माल बरोबर मिळाला अशी तुमची सही झाली. मोबाइल, टीव्ही, मिक्सर यात तर थांबाच. मला घाई असते हे खरं आहे, पण तुमचे पंधरा हजार आणि माझी पाच मिनिटं, तुम्ही पाच मिनिटं घ्या.

तीन. ओपन बॉक्स नसेल तर पार्सल कात्री लावायच्या आधीपासून व्हिडिओ काढा. पत्त्याचं लेबल, चारी बाजूंची टेप, मग उघडणं, सगळं एका दमात. मध्ये थांबवून पुन्हा सुरू केलेला व्हिडिओ चालत नाही म्हणतात, हे मी गिऱ्हाइकांकडून दोनदा ऐकलंय.

चार. माल परत न्यायला आमच्यातला कुणी आला तर ॲपवर "पिकअप झालं" असा मेसेज पडेपर्यंत त्याला जाऊ देऊ नका.

पाच, पावसाळ्याचं. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा कोल्हापुरात गाड्याच येत नव्हत्या. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा चढायला लागली की औषधं, पोरांच्या फॉर्मचे कागद असलं निकडीचं ऑनलाइन मागवून त्यावर विसंबू नका. इथल्या दुकानातून घ्या.

---

पुण्यात_सध्या | २७ ऑक्टोबर, रात्री ११:१०

पार्सल_पोहोच, भावा, हे वाचून आईला फोन केला.

आई गारगोटीला, मी हिंजवडीत. मार्चमध्ये तिला मेसेज आला, "पत्ता अपूर्ण असल्याने पार्सल थांबले आहे, ५ रुपये भरून पत्ता दुरुस्त करा." खरोखरच मी तिच्यासाठी बीपीचं मशीन मागवलेलं होतं, त्यामुळे तिला तो खराच वाटला. लिंक उघडली, कार्डाची माहिती भरली, ओटीपी सांगितला. पाच रुपयांच्या जागी १८,००० गेले. तिने मला दुपारी दोनला फोन केला, घाबरून रडत होती. मी लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लावला, बँकेचं कार्ड बंद केलं, नंतर सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. घटना घडून तासही झाला नव्हता, म्हणून ११,००० पुढे जायच्या आत अडवले गेले आणि दोन महिन्यांनी परत मिळाले. ७,००० गेले ते गेले.

ज्यांचे आई-वडील गावाकडे एकटे आहेत त्यांनी १९३० हा नंबर त्यांच्या फोनमध्ये आजच घालून द्या. आणि कस्टमर केअरचा नंबर कधीही नुसता गुगलवर शोधून लावू नका, ॲपच्या आतूनच लावा. पैसे *घ्यायला* यूपीआय पिन लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत, हे मी आईला कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवून आलोय.

---

दुकानदार_राजारामपुरी | २८ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

माझं घरगुती उपकरणांचं दुकान आहे. दुकानदार म्हटल्यावर ऑनलाइनला नावं ठेवणार असं वाटेल, पण मी जे आहे ते सांगतो.

गिऱ्हाईक मोबाइलवर भाव दाखवतं तेव्हा मला वाईट वाटत नाही. उलट सोपं जातं. मॉडेल नंबर पूर्ण जुळतोय का तेवढं मी बघतो. खूप वेळा शेवटची दोन अक्षरं वेगळी असतात आणि ते मॉडेल ऑनलाइनसाठीच काढलेलं असतं, बाहेरून तेच, आत मोटार किंवा भांड्यांची संख्या वेगळी. मॉडेल तेच असेल तर मी दोन-तीनशेच्या फरकापर्यंत येऊ शकतो. वॉशिंग मशीनसारख्या वस्तूला पोच, जोडणी, जुनं उचलणं हे माझ्याकडे धरलेलं असतं. ऑनलाइनला स्टँड आणि इनलेट पाइपचे पैसे जोडणीवाला दारात सांगतो. तेव्हा गिऱ्हाइकाने मला नुसता भाव न विचारता "घरात चालू करून देईपर्यंत किती?" असं विचारावं. मग तुलना खरी होते.

जिथे मी पुरा पडत नाही ते: मेमरी कार्ड, केबल, इअरफोन, जुन्या मॉडेलचे सुटे भाग. एवढा माल मी ठेवू शकत नाही. ते ऑनलाइन घ्या. फक्त चार्जर, इस्त्री, गिझर असलं काही घेताना बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का बघा. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात वस्तूवरचा लायसन्स नंबर टाकला की खरा-खोटा कळतो. विजेच्या वस्तूत दोनशे रुपये वाचवायला जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला तेव्हा ३२ इंचांवरच्या टीव्हीवर आणि एसीवर कर २८ वरून १८ टक्के झाला. ती कपात माझ्याकडेही आहे आणि ऑनलाइनही आहे. ती "महासेलची सूट" म्हणून कुणी दाखवत असेल तर ती सूट नव्हे, कमी झालेला कर आहे. आणि मिक्सर, वॉशिंग मशीन आधीपासून १८ मध्येच होते, त्यात काही बदललं नाही.

---

रंकाळा_चक्कर | २८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:४५

सेलबद्दल माझा अनुभव. वॉशिंग मशीन घ्यायचं होतं, म्हणून ऑगस्टपासून एकच मॉडेल रोज रात्री बघून कॅलेंडरवर लिहीत होतो. सगळा ऑगस्ट १५,४९०. सेलच्या बारा दिवस आधी १६,९९०. सेलच्या दिवशी १५,२९०, लाल पट्टीत "१,७०० ची घट". खरी घट २०० रुपये.

किमतीचा आलेख दाखवणारी बायहटकेसारखी एक्स्टेंशनं आहेत, ती कामाला येतात. पण असं एक्स्टेंशन तुम्ही काय काय बघता ते वाचू शकतं, त्यामुळे मी ते बँकेचे व्यवहार करतो त्या ब्राउझरमध्ये ठेवत नाही. रोज कॅलेंडरवर लिहिणं मला तरी पुरलं.

किराणा-साबणात सुटीला फसू नका, किलोचा भाव बघा. पाकिटावर छापील किमतीच्या जवळ एककाचा भाव छापलेला असतो, ग्रॅमला किंवा किलोला किती तो. आमच्याकडे पावडरचं ४ किलोचं "महाबचत" पाकीट ५४० ला होतं आणि २ किलोचं २५८ ला. दोन छोटी घेतली, २४ रुपये वाचले.

---

चप्पललाईन | २९ ऑक्टोबर, दुपारी १:००

आमच्या घरात तीन पिढ्या कोल्हापुरी बांधतात. हा धागा वाचत होते, लिहावं की नको करत होते. पण ऑनलाइन ३९९ ला "अस्सल कोल्हापुरी" बघितलं की जीव तुटतो, म्हणून लिहिते.

२०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, या आठ जिल्ह्यांत बनलेल्यालाच कोल्हापुरी म्हणता येतं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तसलीच चप्पल दाखवली, तेव्हापासून ऑनलाइन शोधणारे वाढले आणि नकली मालही वाढला.

फोटोवरून एवढं बघा. तळाचा फोटो दिलाय का? अस्सल चपलेच्या तळात खिळा नसतो, थर चामड्याच्या वादीने शिवलेले असतात आणि ती शिवण कडेने दिसते. तळ एकसंध रबराचा किंवा गुळगुळीत छापाचा असेल तर सोडून द्या. रंग सगळ्या जोड्यांत अगदी सारखा असेल तरी शंका घ्या, बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याला जोडीगणिक थोडा फरक असतोच. वर्णनात "सिंथेटिक", "पीयू" असं खाली कुठेतरी लिहिलेलं असतं, तिथपर्यंत वाचा. घरी आल्यावर वास घ्या. चामड्याचा वास लपत नाही.

माप मागवताना नेहमीच्या बुटापेक्षा सैल घेऊ नका. नवीन चप्पल चावते, दोन-चार दिवस आतून तेलाचं बोट फिरवलं की पायाला बसते आणि पुढे आपोआप सैलावते. सैल मागवून नंतर परत करणारे खूप असतात आणि परतीची जोडी आम्हाला पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही.

भाव म्हणाल तर आमची साधी जोडी १,२०० पासून आहे. पावसात भिजवली नाही तर चार वर्षं जाते. ३९९ ची एक हंगाम. वहीवाली ताई, तुमच्या वहीत "किती दिवस टिकली" असाही रकाना घाला.

---

मंगळवार_पेठ_मास्तर | २९ ऑक्टोबर, रात्री ९:१५

फसवणूक झाल्यावर काय, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जूनमध्ये माझ्याकडे पोचा पडलेलं कपाट आलं. विक्रेता म्हणाला, "वाहतुकीत झालं, आमची जबाबदारी नाही." मी पुढीलप्रमाणे गेलो.

पहिली पायरी, साइटवरच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी ईमेल. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात करणं त्यांना बंधनकारक आहे. चॅटमध्ये मुलं गोड बोलतात, पण चॅट बंद केला की नोंद आपल्याकडे राहत नाही. म्हणून ईमेलच. दुसरी पायरी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोन करता येतो, मराठीत बोलता येतं. ऑर्डर क्रमांक, बिल, फोटो तयार ठेवा. मला २३ व्या दिवशी पूर्ण पैसे मिळाले, तिसऱ्या पायरीची वेळ आली नाही. ती पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी बंगळूरची असो की दिल्लीची. वस्तू ५ लाखांपर्यंतची असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

आणखी एक. आपण न मागता बास्केटमध्ये विमा किंवा दहा रुपयांची देणगी आधीच टिक केलेली असते ना, ते बेकायदा आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ युक्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. "फक्त २ शिल्लक, ४ मिनिटांत संपेल" अशी खोटी घाई लावणं, आणि वस्तूची किंमत कमी दाखवून शेवटच्या पानावर शुल्कं वाढवत नेणं, हेही त्या यादीत आहे. अशा वेळी स्क्रीनशॉट काढा आणि १९१५ वर नोंदवा. दहा रुपयांसाठी कशाला, असं म्हणू नका. ते दहा रुपये लाखो लोकांकडून जातात.

---

आजरेकरीण | २९ ऑक्टोबर, रात्री ९:५०

मास्तर, पिनकोडवर परतीची सोय नाही हे आधी न सांगणं, याची तक्रार १९१५ ला घेतात का?

---

मंगळवार_पेठ_मास्तर | २९ ऑक्टोबर, रात्री १०:०५

घेतील. परत करण्याच्या अटी खरेदीआधी स्पष्ट दाखवणं साइटचं काम आहे, तेही त्याच २०२० च्या नियमांत आहे. वस्तूच्या पानाचा आणि नंतर आलेल्या नकाराचा, असे दोन्ही स्क्रीनशॉट जोडा. अडलं तर मला निरोप पाठवा, मसुदा मी लिहून देतो.

---

वहीवाली_कळंबा | ३० ऑक्टोबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. आज सकाळी नव्या वहीचं पहिलं पान आखलं. जुने सहा रकाने तसेच, त्यात तीन वाढवले: "आणायला गेले असते तर खर्च", "चालू होईपर्यंत एकूण" आणि "किती दिवस टिकली".

बास्केटमध्ये सात वस्तू पडून होत्या. त्यातल्या तीन डिलिव्हरी फुकट करण्यासाठी टाकलेल्या, त्या काढल्या. ४० रुपये भरले, पहिल्यांदाच. सासऱ्यांना चप्पल मागवणार होते, तीही काढली. रविवारी त्यांना घेऊन चप्पल लाईनला जाते, त्यांचं माप उभं राहूनच घेतलेलं बरं. इस्त्री राजारामपुरीत घेईन. राहिलं मिक्सरचं मोठं भांडं आणि आजरेकरीण ताईंनी सांगितलेली रिळं, त्यांची ऑर्डर दिली. वस्तूंचे पैसे अधिक ४०, पहिल्या ओळीत लिहिलं.



---

पार्सल_पोहोच | ३१ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

वहिनी, कळंब्याला या आठवड्यात मीच आहे. भांड्याचं झाकण आणि खालची पाती बघितल्याशिवाय ओटीपी देऊ नका, मी थांबतो.